काकांचं गोड गाणं

आमच्या लाडक्या जपानी रॉक बँडचा नवा अल्बम आला ना, त्यात सरकारला सरळ शिव्या होत्या. आम्ही पोरं खूश, जुने चाहते खवळले. त्यांतलेच जोशीकाका, ग्योतोकुच्या आमच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष. वीस वर्षं जपानात, जपानी शून्य; नव्या गाण्यांतल्या शिव्याही कुणीतरी सांगितल्यावर कळलेल्या.

मला स्टेजवर नवं गाणं म्हणायचं होतं. काका म्हणाले, "राजकारण नको. कॉलेज सोडलंस, आता आमचे व्हिसा घालवतोस? त्यांचं जुनं म्हण, किती गोड आहे."

जुनंच म्हटलं, फक्त मराठीत करून: 'मंत्र्यांनो, खुर्च्या सोडा, तुमचं खोटं कळलंय.'

काकांनी माइक बंद केला. तर समोर बसलेल्या, इथेच वाढलेल्या पोरांनी तेच गाणं मूळ जपानीत उचललं, बिनमाइकचं, शेवटपर्यंत.

काका टाळ्या वाजवत म्हणाले, "याला म्हणतात गाणं. शिक जरा यांच्याकडून."