चुनीलालच्या रांगेत माझा डबा

नाही, हसा तुम्ही, हसा! ज्याची स्वतःची मिरचीची चक्की आहे तो माणूस दुसऱ्याच्या चक्कीवर मिरचीचा डबा मांडीवर घेऊन रांगेत बसलाय म्हटल्यावर तुम्ही हसणार नाही तर काय रडणार? रडायचं ते मी रडतो! पण हसतंय कोण ते तरी बघू द्या... सुंदरबाई, तुम्ही? म्हसावदहून एसटीने मिरची घेऊन यायच्या, स्टँडवरून सरळ या सलीमच्या दारात, चहासुद्धा माझ्याकडचा! आणि फुलीबाई, पदराआड तोंड लपवू नका, ठसका ओळखतो मी तुमचा! माझं सगळं गिऱ्हाईक इथे बसलंय, आणि तो बघा चुनीलाल, मशीनपाशी कसा उभा आहे मालकासारखा... मालकच आहे म्हणा तो. मशीनला नवा पट्टा टाकलाय. कोणाच्या जिवावर?

सोपं करा म्हणे, सोपं!

हे सुरू कोणी केलं? माझ्या बायकोने, नईमाने. आता तुम्हीच आठवा, सीझनला माझ्याकडे काय चालायचं! सकाळपासून तुम्ही डबे घेऊन ओळीने बसलेल्या, नवरा नजरेआड झाला तर चालेल पण डबा होता कामा नये! कोणी अर्ध्या बिया काढून आणलेल्या, कोणी तव्यावर तेलात परतलेली, कोणाला जाडी, कोणाला मैद्यासारखी, आणि एखादीने खोबरं घालून मसाला दळला रे दळला की पुढची उभीच राहायची, ‘सलीमभाऊ, आधी मशीन झाडा, मंग मन्ही टाका!’ झाडायचो बाबा. दिवसभर झाडायचो, चाळायचो, भांडणं सोडवायचो, आणि घरी जाऊन ताटावर बसलो की आमटीत शिंकायचो. तेव्हा नईमा म्हणाली, ‘अजी, कितना झमेला! लोगों की मिर्ची में उमर गई आपकी. कुछ आसान करो ना!’

बरं, एकटी नईमा असती तर निभावलं असतं. तेवढ्यात आमची अर्शिया नाशिकहून सुट्टीवर आली. मॅनेजमेंट शिकते पोरगी. एक दिवस माझ्या गल्ल्यावर बसली, तुम्हा सगळ्यांकडे टक लावून बघत राहिली, आणि संध्याकाळी डोळे पुसत म्हणाली, डोळे मिरचीमुळे हो, ‘अब्बू, अडचण मिरचीत नाहीये. अडचण या वेगवेगळेपणात आहे. सगळ्यांची मिरची लालच ना? तिखटच ना? मग वेगवेगळी दळायचीच कशाला?’

झालं! तीन मोठे ड्रम आणले. झणझणीत, मध्यम, फिकी. मशीनमध्ये जाणार ती फक्त ड्रममधलीच. बाईने यायचं, मिरची मोजून त्या त्या ड्रममध्ये ओतायची, आणि तितक्याच वजनाची दळून तयार असलेली चटणी पिशवीत घेऊन घरी जायचं. रांग नाही, भांडण नाही, शिंक नाही! मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? नईमाने तर त्या दिवशी शिरा केला, दारावरच्या नव्या पाटीला स्वतः हार घातला. पाटीवर लिहिलं होतं, ‘थांबायचं काम नाही.’ आणि खरंच हो, कोणी थांबलं नाही!

पहिल्याच दिवशी या सुंदरबाई आल्या. मिरची मोजली, ड्रममध्ये ओतली, मी हसून पिशवी हातात दिली. या पिशवीकडे बघतात, माझ्याकडे बघतात. ‘हाई काय?’ म्हटलं, तुमची मिरची, झाली दळून. ‘मन्ही? मन्ही ते तठे ड्रममा पडेल शे!’ म्हटलं, बाई, तीच समजा, वजन तेवढंच, रंग तोच. तर काय म्हणाल्या, सांगू का, सुंदरबाई? सांगतोच! ‘सलीमभाऊ, मी मन्हा पोऱ्याले शाळामा सोडं, आनि सांजले तुम्ही माले दुसराना पोऱ्या दिधा, वजन तितलंच, रंग तोच, ते मी ली जासू का?’

घरी घेऊन जाईन का, म्हणे! मॅनेजमेंटमध्ये शिकवतात का हो हे? मग या बाई ड्रममध्ये कमरेपर्यंत वाकल्या आणि एकेक मिरची उचलून, वास घेऊन, स्वतःची मिरची निवडायला लागल्या! मी म्हटलं, बाई, मिरची काय आधार कार्ड घेऊन येते का? तर म्हणे, ‘माले मन्हीच जोयजे!’ आणि त्यांचं बघून बाकीच्याही वाकल्या. एका ड्रममध्ये सहा बायका, दुकानात सगळीकडे पाय!

सोपं करा म्हणे, सोपं!

पुढच्या आठवड्यात एक बाई दिसेल तर शपथ. काम इतकं सोपं झालं, इतकं सोपं झालं, की उरलंच नाही! मी आपला खुर्चीवर बसून तीन ड्रमांकडे बघायचो, आणि ते तिघं माझ्याकडे. घरी नईमा म्हणायची, ‘लोगों को आदत नहीं है जी, धीरे-धीरे समझेंगे.’ एवढाच आधार हो! म्हटलं, सगळं नंदुरबार फिरलं तरी घरचं माणूस आपल्या बाजूने आहे, मग कशाला घाबरायचं?

आणि आज सकाळी... पाणी द्या जरा. आज सकाळी पाव आणायला या गल्लीतून चाललो होतो. सहज नजर गेली तर चुनीलालच्या रांगेत एक स्टीलचा डबा. झाकणाला पोचा आलेला. तो पोचा माझ्या हातून आलाय, मी ओळखणार नाही? डब्यावरून नजर वर नेली... नईमा! माझी नईमा! चुनीलालच्या रांगेत!

म्हटलं, तू? ती म्हणते, ‘धीरे बोलो.’ अगं, अपनी खुद की चक्की है! ‘चक्की आपकी है. मिर्ची मेरी है. धूप में मैंने सुखाई, डंठल मैंने तोड़े, और उस ड्रम में डालूँ? पता नहीं किस-किस की है उसमें!’ म्हटलं, तूच म्हणाली होतीस ना, आसान करो? ‘आपका काम आसान करने को बोली थी, मेरी मिर्ची थोड़ी!’

तुम्ही सगळ्या गेलात, त्याचंही वाईट वाटलं, पण धंदा आहे, गिऱ्हाईक येतं, जातं. बायको गेली ते... म्हणजे घरीच गेली, पण तुम्ही समजून घ्या! जाताना डबा माझ्या मांडीवर ठेवला, ‘आ ही गये हो तो बैठो, नज़र मत हटाना, चूल्हे पे सालन है,’ आणि गेली! हार कोणी घातला होता पाटीला? शिरा कोणी केला होता?

आला का नंबर? थांबा, चुनीलालभाऊ, फोन वाजतोय. तिचाच... हां, बोल. हां, डब्यावरच नजर आहे. काय? आत पिशवी आहे? वेगळी? कोणाची पिशवी... अर्शियाची? होस्टेलला पाठवायची? बरं, मग ती तरी आपल्या चक्कीवर... काय? ती म्हणाली? अर्शिया? आपल्या अर्शियाने स्वतः फोन करून सांगितलं की अब्बूकडची नको म्हणून?

...ठेवला तिने फोन.

ऐकलंत ना सगळ्यांनी? हसा, सुंदरबाई, आता मोकळेपणाने हसा. ड्रम जिने आणवले, तिची मिरची ड्रममध्ये चालत नाही! मी एकटाच राहिलो हो त्या तीन ड्रमांपाशी, आणि मला वाटत होतं, आम्ही घरचे तिघं मिळून धंदा सोपा करतोय...

काय म्हणालात, चुनीलालभाऊ? ‘दोन्ही संगेच टाकी देऊ का? लवकर व्हई जाई’? हात लावू नका! आधी अर्शियाची, ती फिकी आहे. मग मशीन झाडा. नीट झाडा, कोपऱ्यातलंसुद्धा. मग घरची टाका, दोनदा चाळा, आणि पिशव्या माझ्यासमोर बांधा. हो, झंझट आहे, मला सांगता? पण दळा वेगवेगळी, भाऊ. मला त्याच घरात जेवायचंय.