सुगलामावशीच्या आमटीची चव

बसलेल्या समद्या मंडळींनो, आयाबायांनो, राम राम.

आत्ता मास्तर बोलले. लई चांगलं बोलले. आपल्या गेलेल्या मावशीला "पुण्यात्मा" म्हनले. मावशी ऐकत असती तर म्हनली असती, "मास्तर, भाकरी गार व्हायली, आदी जेवा." मला तसं सुद्ध बोलाया येत न्हाय. शाळंचं आन माझं कधी जमलंच न्हाय. तरी बोलतो. बोलायाच पायजे. एक गोष्ट हाय, ती मला एकट्यालाच ठावं हाय.

आपली सुगलामावशी गेली. गिरनीचा भोंगा झाला की आपले पाय आपोआप ह्या खानावळीकडं वळायचे. कुनी सांगोल्याकडचा, कुनी अक्कलकोटाकडचा. गावाकडं आई, हितं मावशी. गुंडप्पाअण्णांना कानडीत इचारायची, "ऊटा आयता?" जेवला का म्हनून. मला शिद्राम म्हनून तिनं कधी हाकच मारली न्हाय. "इब्लिस, पाटावर बस. खोड्या पोट भरल्यावर कर."

संप आठवतोय? गिरन्या बंद. भोंगा गप. मावशीची चूल मातूर चालू. मावशी गेल्यावर अण्णा ह्याच ओसरीवर म्हनले, "संपातली आमटी, अय्यय्यो! काय दाट! नुसतं शेंगाचं कूट!" आन समद्यांनी माना डोलावल्या.

अण्णा, दाट? खरं सांगा. तवा तुमीच म्हनला व्हता, "मावशे, आमटीत तोंड दिसतंय की!" आन मावशी काय म्हनली? "दिसतंय न्हवं? मग धुऊन ये."

पानी व्हतं हो ते! तिखट घातलेलं पानी! मग आता ती दाट कशी झाली? तिच्यात कूट घातलं कुनी?

तवापास्नं माझ्या डोक्यात किडा वळवळाया लागला.

कारन हिकडं दुसरंच चाललं व्हतं. मावशीचं तेरावं झालं. चंद्रावैनीनं चूल पेटवली. वैनी म्हंजे मावशीची सून. मालक कवाच गेला तिचा. सासू-सुना दोघीच ही खानावळ वडत व्हत्या. आन आपन काय केलं? पयल्या घासालाच तोंडं वाकडी! "चव न्हाय." "मावशीचा हात न्हाय." दगडूतात्या तर म्हनले, "मसाला कच्चा हाय." वैनी दाराआड उबी राहून समदं ऐकत व्हती. तिसऱ्या दिवशी म्हनली, "मला न्हाय जमायचं. सासूबाईंच्या हातचं काळं तिखट थोडं उरलंय. त्याचं एक शेवटचं जेवान घालते, खानावळ बंद करते, आन जेऊरला भावाकडं जाते."

भावाच्या दारात. ह्या वयात. आपल्या जिभंपायी.

तर मंडळी, आत फळीवर दोन बरन्या हायेत. सारख्याच. एकीच्या तोंडाला मावशीच्या हिरव्या लुगड्याचं फडकं, तिच्यात मावशीनं कुटलेलं तिखट. दुसरीला पांढरं फडकं, ते वैनीचं. वैनी पान्याला गेली, आन मी फडकी बदलली.

व्हय. बदलली. तात्या, खाली बसा. मारायचं ते मागनं मारा.

म्हंजे शेवटचं जेवान म्हनून आपन जे जेवलो, ते वैनीचं तिखट व्हतं. आठवा, काय झालं त्या दिवशी? अण्णांनी वाटी चाटली. तात्या भाकरी कुस्करता कुस्करता रडले. म्हनले, "हीच. हीच ती चव. आता पुन्यांदा न्हाय मिळायची." अवो, वैनीनं सोता चाखली, आन पदर तोंडाला लावून आत पळाली.

दुसऱ्या दिवशी उरलेलं पीठ संपवायचं म्हनून वैनीनं परत भाकरी-आमटी केली, आन आमटीला पांढऱ्या फडक्याची बरनी काढली. ते तिखट मावशीचं! तिनं खलबत्त्यात सोता कुटलेलं. आन तात्या, तुमी काय म्हनला?

"मसाला कच्चा हाय."

हसा. हसा की. मावशीबी हसली असती. उलतनं फेकून मारलं असतं मला, आन मग हसली असती.

कुनाची जीभ खोटी हाय असं मी म्हनत न्हाय. माझंच सांगतो. कुठल्या बरनीत काय, मला ठावं व्हतं. तरी हिरवं फडकं सुटल्यालं बघितलं, आन पयल्या घासाला माझ्या डोळ्याला धार लागली. वैनीच्या तिखटावर मी मावशीसाठी रडलो. आता बोला!

मला वाटतं, जिभंच्या आदी काळीज जेवतं. संपात आपन भ्यालो व्हतो, आन एक बाई रोज "बस पाटावर" म्हनत व्हती. म्हनून ती आमटी दाट. आता ती बाई न्हाय, म्हनून समदं पातळ. त्यात वैनीचा काय गुन्हा?

वैनी, दाराआडनं बाहेर येऊ नका. तितंच ऐका. ज्या आमटीला मावशीची म्हनून अख्खी ओसरी रडली, ती तुमी रांधली व्हती. तुमी एकटीनं. तुमचं गाठोडं बांधलेलं मी बघितलंय. सोडा म्हनायचा मला हक्क न्हाय. पर सासूबाईंचा हात कुटं गेला म्हनून हुडकत जेऊरपातूर जाऊ नका. तो तुमच्याजवळच हाय.

आता दोन मिंटं समदी गप उबी ऱ्हावूया. मावशी म्हनायची, "कालवा करू नगा रे, भाकरी थापल्याली ऐकू येऊ द्या." तर कान देऊन उबं ऱ्हावा. आतनं थाप ऐकू आली तर पाट मांडू. न्हाय आली तर तो आपल्या जिभंचा दंड.

मावशे, तुझ्या इब्लिसाचा दंडवत.

उटा मंडळी. गप ऱ्हावा. ऐका.