घेतला तोच पोपट

मंडळी, जरा मांड्या सावरून बसा. सोपा प्रश्न आहे. आवडतं म्हणून आपण घेतो, की घेतो म्हणून आवडतं? — हं, काकू हसल्या! कपाटातल्या साड्या आठवल्या वाटतं!

तर ऐका. चितारआळीत आबा लाकडी खेळणी रंगवायचे. घरात धाकटी लेक अनसूया, आणि थोरलीची दीड वर्षाची पोर, बयो. थोरलीनं धाकटीला बजावलं होतं, "सोमवारपासून मी कामावर. तोवर बयो तुझ्याकडे राहायला लागली तर बरं, नाहीतर सासरी नेऊन ठेवते." भाचीवर जीव हो अनसूयेचा. पण मावशीनं उचललं रे उचललं, की बयोचं भोकाड!

शनिवारी तिनं आबांचा एक पोपट पोरीच्या हातात कोंबला. "घे गं राणी!" — फेकला! आबा म्हणाले, "कोंबू नको. दोन ठेव समोर."

ठेवले. दोन्ही हिरवे, चोच लाल, एकाच लाकडाचे. बयो गेली, जवळ होता तो उचलला. झालं! त्याचे मुके काय, त्याला घास काय! आणि दुसरा पुढे केला, तर नाक मुरडलं!

आबांना लागलं. "अगं, त्यानं तुझं काय घोडं मारलंय? दोघांना मीच रंगवलंय!"

अनसूया मनात म्हणाली, अगंबाई, मीही रोज हेच करतेय की! स्वतःलाच पोरीच्या अंगावर कोंबतेय!

रविवारी ओटीवर एकीकडे आबा बसले, एकीकडे ही, मधे बयो. हाक नाही, टाळी नाही. बयोनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तोंडात बोट! — आणि दुडुदुडु येऊन मावशीच्या मांडीत बदकन बसली! अनसूयेला रडूच फुटलं.

आबा म्हणाले, "आता माझ्याकडे ये!" — पोरीनं तोंड फिरवलं! आबांचा झाला उरलेला पोपट!

सोमवारी आई कामावर गेली. बयो मावशीच्या कडेवरून उतरेना.

आता तुमचं बघू. इथे कीर्तनाला बायकोनं ओढून आणलेले किती? — हात नका वर करू, चेहरे दिसतायत! देव आवडला की नाम घेऊ, असं म्हणत बसलात तर जन्म जाईल. बाबांनो, आधी घ्या, मग आवडेल! पण मी कोंबणार नाही. टाळ मधोमध ठेवलेत, वाटणार नाही. ज्याचा त्यानं उचलावा.

काकू, टाळ घ्यायला उठताय? — नाही हं, मी काही म्हणालो नाही!