जपानी खळग्यावर लांब पाटी

भिवंडीत नंबर प्लेट बसवायच्या रांगेत लडकू टेम्पोवाला साजिदाबाईंच्या जुन्या जपानी गाडीमागं खोळंबला होता. फिटर मुदस्सिरनं शेवटची रिव्हेट ठोकली आणि बाई कडाडल्या.

“अरे, डिकीची कडीच झाकलीस! आत नारपोलीच्या लूमवाल्यांचे डबे आहेत. डब्यांची पेटी दुसरीकडून निघत नाही.”

“आपा, जपानच्या पाट्या आखूड, खळगा तसाच. आपली लांब. मी काय करू?”

“आखूड, दोन ओळींची आपल्याकडेही मिळते. या भाऊंच्या टेम्पोला बघ.”

“माझ्या पाटीवर डोळा नको, बाई,” लडकू म्हणाला.

“ही तोडली तर नवी मागवावी लागेल, आपा. परत रांग.”

“लावीन. तोड.”

“जर्मनीत याहून लांब असते. तिकडं कुणी भांडत नाय,” मुदस्सिर म्हणाला.

“मला डबे जर्मनीत द्यायचे नाहीत. शिफ्टची माणसं उपाशी बसलीत. तोड!”

“मी नाय तोडणार. शेठ मला कामावर ठेवणार नाय.”

“आवं बाई, माझा नंबर कवा लागंल?”

“डबे निघाल्याशिवाय गाडी हलणार नाही, भाऊ. वाजवा हॉर्न.”

लडकूनं टेम्पोतून छिन्नी-हातोडा काढला. “सरक रं पोरा. ताई, छिन्नी धरा, मी ठोकतो.”

“छिन्नी तुम्ही धरा. हातोडा मला द्या.”