जर्मन घड्याळाचा लेटमार्क

विषय: साहेबांच्या जर्मन घड्याळामुळे लागलेला लेटमार्क रद्द होणेबाबत.

तर मंडळी, आमच्या नगरच्या कचेरीतल्या साहेबांना जावयाने जर्मनीहून घड्याळ आणलं. ते तिकडच्या रेडिओवरून स्वतःची वेळ स्वतःच लावायचं आणि खिडकीबाहेर सोडलेल्या वायरीवरून बाहेरचं तापमान सांगायचं. सकाळी साडेदहाला साहेबांनी त्यात सेल घातले. घड्याळात बारा वाजले. तेवढ्यात मी दारात, नेहमीसारखा वेळेवर.

"गायकवाड, बारा वाजले. लेटमार्क."

महिन्यातला तिसरा, म्हणजे नियमाप्रमाणे भंडारदऱ्याच्या सहलीसाठी राखलेली किरकोळ रजा गेली.

"साहेब, माझ्या घड्याळात साडेदहा झालेत."

"तुमचं इथल्या कापड बाजारातलं. हे जर्मन आहे. त्याला कुणी हात लावायचा नाही, ते स्वतः वेळ लावतं."

तेवढ्यात शिपाई तुकाराम म्हणाला, "साहेब, भाईर पंचावन्न डिग्री दावतंय."

वायरीचं टोक खाली चहावाल्याच्या स्टोव्हवर लोंबत होतं. साहेबांनी उन्हाचं कारण देऊन मिरजगावचा दौरा रद्द केला.

सव्वाचारला जर्मन घड्याळात पावणेसहा झाले. अख्खी कचेरी पिशव्या घेऊन उठली.

"कुठं निघालात सगळे?"

"घरी, साहेब. घड्याळ जर्मन आहे."

दुसऱ्या दिवशी मी लेटमार्क रद्द करण्याचा अर्ज दिला. साहेबांनी त्यावर शेरा मारला, 'घड्याळाने स्वतः वेळ लावल्यानंतर निर्णय घेण्यात येईल.'

जर्मनीचा रेडिओ नगरपर्यंत पोचत नाही. साहेबांची बदली झाली, मी निवृत्त झालो. अर्ज प्रलंबित आहे.