कोणाचा विचारलं तर

न्हाय न्हाय, तो नको. तो कोपऱ्यातला भुरा नको — तू ती काळी बघ, बघ कशी शेपूट हलवते, वर्षाची पण न्हाय अजून, लगेच रुळेल तुझ्या घरात. त्याच्याकडे काय बघतेस? तीन पायांचा हाय तो, दिसतंय ना — मागचा उजवा पाय न्हाय. वय पण झालंय. केस झडतात. आणि चिडका हाय बाय, आत्ता तुझ्यासमोर असा गप बसलाय. खायच्या वेळी कोणी जवळ गेलं ना — बरं, चावला न्हाय अजून कोणाला, खोटं कशाला बोलू, पण बघतो असा. तू नवीन, तुला भीती वाटेल. तू काळी ने.

बस जरा, त्या बादलीवर बस, उलटी घातलीय, कोरडी हाय. हे कुत्र्यांचं शेल्टर चालवतात त्या मॅडम येईपर्यंत मीच हाय इथे. कामाला न्हाय ग, पगार-बिगार काय न्हाय, अशीच येते — मॅडमनी व्हॉलंटियर बोलायला सुरुवात केली, तर आता सगळ्यांचीच मी व्हॉलंटियर आक्का झालीय. सकाळी फिनेलने फरशी धुवायची, कोंबडीचे पाय घालून भात शिजवायचा, मग एकेकाला मांडीवर घेऊन गोचीड काढत बसायचं. घरी सांगते भजनाला जाते. सुनेला कळतं, भजनाला जाऊन कोणाच्या साडीला फिनेलचा वास येत न्हाय, पण ती गप राहते, चांगली हाय. मुलाला कळलं तर कटकट करेल — आई, तुला काय कमी हाय, कुत्र्यांची घाण काढतेस. म्हणून भजन.

आणि त्याच्या खाण्याचं किती करशील तू? ते पाकिटातले दाणे असतात ना, त्याला तोंड लावत न्हाय. तांदळाची भाकरी लागते, सुकटीच्या पाण्यात कुस्करून, ती पण कोमट. तुझ्याकडे कोण करणार — तू करणार? सुकट खाता तुमी? खाता का. बरं. पण लसूण न्हाय हां त्यात, कुत्र्याला लसूण देऊच नये, इथले डॉक्टर बोलतात, आमी तर बिनधास्त द्यायचो. आमी म्हणजे — इथले सगळे ग. किती वर्षांचा? आठ झाली. कसं म्हणजे, दातावरून कळतं, दात बघायचे, झिजलेले असतात — आणि आमच्या करिष्माच्या हळदीला झाला तो, तिला आठ वर्षं झाली लग्नाला, तेव्हा —

हां. आता गेलं तोंडातून. करिष्मा माझी मुलगी. मांडवामागे उष्ट्या ताटांचा ढीग होता, त्याच्या आडोशाला याची आई व्याली, इकडे बँजो वाजतोय, अख्खं गाव नाचतंय, आणि मी नवरीची आई, पिवळ्या हाताने पिल्लांवर गोणपाट टाकतेय. पाच होती. हा एकच जगला. आमच्या दारचा हाय तो, काय लपवू तुझ्यापासून.

इथेच अंजूरला आमचं भाताचं शेत होतं, खाडीच्या बाजूला. तू आलीस ना त्या रस्त्याला निळ्या पत्र्याचं मोठं गोडाऊन लागलं असेल — ते. शेत विकलं, घर पाडलं, भाविकने — मुलगा माझा — टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, नववा माळा. चांगला हाय फ्लॅट, हवा येते, मी नाव न्हाय ठेवत. याला पण नेला होता. लिफ्टमध्ये चढेना. दार उघडलं की चारी पाय पसरून खाली बसायचा, तेव्हा चार होते, ओढला तर तिथेच मुतला. वॉचमन शिव्या द्यायला लागला, भाविकला लाज वाटायला लागली, आणि एक दिवस हा उठून निघून गेला. कुठे जाणार? गोडाऊनच्या गेटवर. आमचं खळं होतं ना, भात झोडायचो ते, तिथे आता ट्रेलर उभे राहतात — बरोबर त्या जागेवर जाऊन बसायचा. हाकलला की उठायचा, माणूस आत गेला की परत तिथेच. मी रिक्षा करून भाकरी घेऊन जायची.

मग गोडाऊनवाल्यांनी फोन केला आणि इथलीच गाडी आली, जाळं घेऊन. मी उभी होती तिथे, हातात भाकरी. गाडीवाला चांगला माणूस ग, त्याने मला विचारलं पण — ये किसका है? किसीका हो तो बोलो, नहीं ले जाते. आणि मी काय बोलली माहिती हाय? किसीका नहीं, गाव का है. असं बोलली मी. हसू नको. आमच्यात कुत्र्याला कोणी माझा बोलत न्हाय. गाय माझी, होडी माझी, कुत्रा गावचा. दारात बसतो, शेत राखतो, तीन घरची भाकरी खातो, कोणी बांधत न्हाय त्याला — कोणाचा विचारलं तर गावचा बोलायचं, माझी सासू तसंच बोलायची, मी पण तसंच बोलली. पण गाव कुठे होतं तिथे? ती तिन्ही घरं टॉवरात गेली, समोर निळा पत्रा, आणि मी बोलते गावचा. त्याने जाळं टाकलं. हा जाळ्यातून माझ्या हाताकडे बघत होता, भाकरी कधी देते म्हणून.

मग नसबंदी केली, त्याची खूण म्हणून कानाला खाच मारली — तो बघ डावा कान. आणि नियम असा, की जिथून उचलला तिथेच नेऊन सोडायचा. नियम चांगला हाय, दुसऱ्याच्या हद्दीत टाकला तर बाकीचे फाडतात. मी आलेली इथे, मॅडमना बोलली, माझ्याकडे द्या. त्या बोलल्या, आक्का, ठेवणार कुठे? नवव्या माळ्याशिवाय मला जागा कुठली? म्हणून मग गेटवर सोडला. ट्रेलर मागे घेत होते. ड्रायव्हरचा पण दोष न्हाय, त्याला आरशात काय दिसणार, आणि याला तरी काय माहिती — खळ्यात झोपलेल्याच्या अंगावर कोण गाडी घालतं? पाय गेला. गाडीवाल्याने परत उचलून आणला, तेव्हापासून मी इथे येते.

आता हे शेल्टर पण उठणार. तुला मॅडमनी फोनवर सांगितलंच असेल, म्हणून तर आलीस. जागा विकली मालकाने, इथे पण गोडाऊन. तुळशीच्या लग्नानंतर जे उरतील त्यांना डहाणूच्या पलीकडे पाठवणार, मोठी शेड हाय तिकडे, शेकड्याने कुत्रे, एकत्र जेवण टाकतात. हा तीन पायांवर भातापर्यंत पोचेपर्यंत काय उरणार? मला झोप न्हाय लागत बघ. मॅडम परवा बोलल्या, सौदा कोणी केला माहिती हाय का आक्का? मी बोलली, न्हाय माहिती. खोटं बोलली. माहिती हाय. भाविकनेच केला. जमिनीचीच कामं करतो तो आता. दसऱ्याला पेढे आणले घरी, मला विचारलं, आई, कशाचे ते सांग बघू. या जागेच्या सौद्याचे, ते कळलं तरी मी खाल्ला पेढा. मॅडमना सांगू नको तू हे, मला यायला नको बोलतील.

आणि याला बघायला कोणी आलंच न्हाय असं न्हाय. वज्रेश्वरी रोडचा एक धाबेवाला आला होता, त्याला बोलली चावतो. नारपोलीचे एक मास्तर आले, बायकोला घेऊन आले होते, त्यांना बोलली फिट येते. फिट-बिट काय येत न्हाय. मला वाटायचं, इथे हाय तोवर रोज दिसतो. ही जागाच राहणार न्हाय, हे कुठे माहिती होतं मला तेव्हा? माहिती झाल्यावर पण तेच करतेय, बघ ना. आत्ता तुझ्याशी काय केलं मी, तू आल्यापासून?

तू कुठची बोललीस? गणेशपुरी. जमिनीवरचं घर हाय? अंगण — लादी बसवलीय की मातीचं? आणि मागे काय, बिल्डिंग होतेय का कोणाची? शेत. तुमचंच? खळं करता अजून, की मशीन येते? करता.

थांब, हलू नको. उठला तो. असा तो उठत न्हाय ग कोणासाठी, भाताचं पातेलं वाजलं तरच उठतो. येऊ दे त्याला, हात पुढे करू नको, त्याचा त्याला येऊ दे. तुझ्या ओढणीला काय लागलंय ते — पेंढा. कापणी सुरू हाय तुमच्याकडे. त्याचा वास घेतोय. घेऊ दे. किती वेळ घेतोय बघ. माझ्या साडीला आता फिनेलचाच वास येतो.

ने त्याला. काळी न्हाय, याला ने. मॅडमना मी फोन करते, त्या खूश होतील, तू थांबू नको — थांबलीस तर मी काहीतरी बोलेन परत. बाहेरचा टेम्पो तुझ्या भावाचा हाय ना, मागे गोणपाट घाल, हे घे, हे त्याचंच. उजव्या कुशीवर झोपला की कण्हतो, त्याला फिरवून झोपव. लसूण न्हाय. भाकरी कुस्करून. बांधू नको त्याला, त्याला सवय — न्हाय, बांध. महिनाभर बांध, जवळ बसून बांध, पण बांध. न्हायतर निघेल तो इकडे यायला, मधे सगळा रस्ता ट्रेलरचा. रडेल, ओढेल. तरी सोडू नको.

आणि कोणी विचारलं ना, कोणाचा — गाडीवाला विचारो, शेजारी विचारो, कोणी पण — तर इकडेतिकडे बघायचं न्हाय. माझा बोलायचं. लगेच. गावचा-बिवचा काय न्हाय, माझा. बोल बघू एकदा. तसं न्हाय, मोठ्याने बोल, त्याला पण ऐकू जाऊ दे.

हां. जा आता. मी न्हाय येत टेम्पोपर्यंत, माझी फरशी राहिलीय.