खळीचे दोन थेंब

कागद कधी खोटं बोलत नाई. हे माह्यं वाक्य नाई, आमच्या ग्रंथालयाच्या दारावर लिहून आहे, टिनाच्या पाटीवर. त्या दारातून मी एकोणीस वर्षं झाली आतबाहेर करून राह्यली, जुने कागद दुरुस्त करते, फाटलेलं जोडते, उदईनं, म्हणजे तुमच्या वाळवीनं, खाल्लेलं भरते, आणि मले विचाराल तं कागदावर जे सांडलं ते तो बोलते, त्याची स्वतःची काही मर्जी नसते.

मी मूळची सिंदी रेल्वेची. माय घरी रद्दीच्या पिशव्या करे, किराणा दुकानात देये, आणि खळ शिजवायचं काम माह्यं, चौथीत असल्यापासून. मैद्याची खळ, उतरवताना माय त्यात तुरटीचा खडा फिरवे, म्हणे तुरटी फिरवली का खळ आंबत नाई, झुरळ तोंड लावत नाई. मंग लग्न होऊन मी वर्ध्याले आली, ग्रंथालयात जागा निघाली, मोठ्या सायेबाइनं विचारलं तुम्हाला काय येतं, बाकीच्या बाया पदव्या सांगून राह्यल्या होत्या, मी म्हटलं मले खळ येते. काय सांगू तुमाले, मलेच घेतलं.

पहिले तीन महिने मले शिकवायले कोणी नव्हतं, मी मायचीच खळ करे. मंग लखनौकडचे एक म्हातारे कारागीर आले, त्याइनं माह्या भांड्यात बोट घातलं, जिभेले लावलं आणि कपाळावर हात मारला. म्हणे, बेटी, फिटकरी डाली है? थैली दो दिन चलती है, किताब को दो सौ साल चलना है. तुरटी कागदाले आतून खाते, आज दिसत नाई, धा-पंधरा वर्षांनी दिसते. त्या दिवसापासून तुरटी बंद. पण त्या तीन महिन्यांत जे झालं ते झालं होतं, आणि त्यात आमच्या संस्थापकांची रोजनिशी होती. त्याइले सगळे दादाजी म्हणतात. एका पानाची कड जोडताना माह्या ब्रशातून दोन थेंब पडले होते, मी पदरानं टिपले, कागद साफ दिसला, मी विसरून गेली. पदरानं टिपले, पाहा आता, त्याचीबी आज लाज वाटते.

मागच्या हिवाळ्यात संस्थेचा मोठा सोहळा झाला, त्याच्या आधी नागपूरचे एक प्राध्यापक रोजनिशी पाहाले आले. त्या पानावर पेन्सिलीनं लिहून आहे, आज प्रार्थनेस कोणी आले नाही. आणि त्या ओळीखाली दोन तपकिरी डाग. प्राध्यापक म्हणे, हे अश्रू आहेत. झालं. पानाचा फोटो दरवाजाएवढा करून हॉलमध्ये लावला, वही काचेच्या पेटीत ठेवली, प्राध्यापकांचं भाषण झालं, का ही एका युगाची शाई आहे, टाळ्या पडल्या. खालच्या ओळीत दादाजीनं लिहून ठेवलं आहे, आज बाजाराचा दिवस. ती ओळ फोटोत मावली नाई.

मी मायले घेऊन गेलती, म्हटलं पाहू दे तिले लेक कुठं काम करते. मायले ऐकू कमी येते, म्हणून ती बोलते जोरात. पेटीवर वाकली आणि म्हणे, अवं, हे तं आपल्या खळीचं टिपकं होये! कड पाह्य कशी चमकून राह्यली, डोळ्याच्या पाण्याले अशी कड असते का? मी म्हटलं, माय, हळू बोल. ती म्हणे, हळू काऊन, चोरी केली का? आमच्या मागं रांगेत एक बाई डोळे पुसून राह्यली होती.

तेव्हापासून मले चैन नाई. जेवता जेवता उठे, भिंग घेऊन पेटीपाशी जाये, परत येये, परत जाये. शिपाई म्हणे, मंदाताई, तुमाले दादाजी लईच पावले. लोकं काय म्हणतील त्याचं मले एवढं नव्हतं, आणि माही नोकरी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर आहे त्याचंबी भेव होतंच, नव्हतं कसं म्हणू, पण खरी गोष्ट अशी का डागाची कड काळी पडून राह्यली होती. आता नाई धुतलं तं तिथं कागद पिठासारखा होऊन झडणार. आणि अश्रू धुवाची परवानगी मागाची कोणाले?

शेवटी गेली सायेबाइकडं. हे सायेब नवे, पुण्याचे, सभ्य माणूस. सगळं सांगितलं, माय, तुरटी, ब्रश. ते म्हणे, मंदाताई, पण दादाजी रडलेच नसतील असं थोडंच आहे? मी म्हटलं, रडले असतील सायेब, पण या पानावर खळ मी सांडली. ते म्हणे, आता राहू द्या ना, लोकांची भावना आहे. म्हटलं, राहू देते, पण धा वर्षांनी तिथं दोन भोकं पडतील, मंग त्याइले काय म्हणाल, गोळ्या लागल्या?

सायेबाइनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणे, करा. रविवारी करा. आणि लेखी काही नको. कागदाचं ग्रंथालय, आणि लेखी काही नको.

रविवारी केलं. पेन्सिल पाण्यानं हालत नाई, ते एक बरं. ओला टिपकागद वर ठेवला, तो पिवळा झाला, बदलला, परत ठेवला. वाळलेली खळ भिजून उठली तशी बोटाले ओळखीची लागली, घरच्यासारखी. मंग तुरटीचा उतारा म्हणून चुन्याची निवळी फिरवली, पान दाबून ठेवलं. पुरा नाई गेला डाग, माहीत असलेल्यालेच दिसन. आमचं कामाचं एक रजिस्टर असते, काय खराब होतं, कशानं, काय केलं. त्यात लिहिलं: तुरटीच्या खळीचे दोन थेंब, सांडणारी मीच. खाली सही केली. रजिस्टर टेबलावरच आहे, लपवलं नाई. करार पुढच्या महिन्यात सरते, होईन ते होईन.

ते पान आता माह्यापेक्षा जास्त जगो, एवढंच म्हणते मी. हॉलमधले थेंब मात्र आहेत तसे आहेत. शिपाई रोज सकाळी त्याइच्यापुढं उदबत्ती लावते. धुरानं कागद खराब होते, मी त्याले टोकणार होती. पण तो फोटो फ्लेक्सचा आहे, त्याले काही होत नाई.